एकट्याचा वाद्यवृंद

आधी पंधरापर्यंत मोजून पाहा. तोंडाने म्हणा: तकधिमि तकिट, तकधिमि तकधिमि. चार आणि तीन सात, चार आणि चार आठ. प्रत्येक अक्षराला सारखा वेळ द्या आणि मध्ये न थांबता पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. ज्यांच्या कानात त्रिताल मुरलेला आहे त्यांची पहिल्या काही आवर्तनांत चुळबुळ होईल. कान सोळाव्या मात्रेची वाट पाहतो आणि ती यायच्या आतच सम येऊन उभी राहते. तबल्याची तालीम झालेल्यांना पंचम सवारी आठवेल, कारण तिच्याही मात्रा पंधराच. बाकीच्यांना एवढंच जाणवेल की चाल पुढे ढकलली जाते आहे, तिला कुठे टेकायला जागाच मिळत नाही.

ही बोलअक्षरं कर्नाटक संगीतातल्या कोनक्कोलची आहेत. बेंगळुरूत मृदंग शिकायला बसलेलं मूल हाताने वाजवण्याच्या आधी ती तोंडाने म्हणतं. आणि ज्या पंधराच्या आवर्तनासाठी ती आपण वापरली, ते आहे माइक ओल्डफील्ड या इंग्रज तरुणाने केलेल्या ‘ट्युब्युलर बेल्स’ या अल्बमच्या सुरुवातीचं. हा अल्बम २५ मे १९७३ रोजी बाजारात आला, तेव्हा ओल्डफील्डला वीस वर्षं पूर्ण होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. जवळजवळ सगळी वाद्यं त्याने एकट्याने वाजवली होती. पहिला स्वर आणि शेवटचा स्वर यांच्यामध्ये पाऊण तासाहून जास्त संगीत आहे, आणि त्यात रूढ अर्थाने गाणं म्हणावं असं काही नाही. सोळावी मात्रा त्याने मुद्दाम गाळली होती. सोळाचं आवर्तन सगळेच वाजवतात, आपलं थोडं वेगळं वाटावं, एवढाच त्याचा हेतू. त्या एका गाळलेल्या मात्रेने ऐकणाऱ्याला अल्बमभर जागं ठेवलं, असं माझं मत आहे.

हा अल्बम ज्यात मोडतो तो प्रोग्रेसिव्ह रॉक हा प्रकार १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये उभा राहिला. तीन मिनिटांचं गाणं, दोन कडवी, एक धृपद, गिटारचा एक तुकडा, या चौकटीत न मावणाऱ्या वादकांनी तो घडवला. एलपी तबकडीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची असते. तेवढ्या वेळात एकच रचना विस्तारायची, तिच्यात चाली बदलायच्या, ताल बदलायचे, लोकसंगीत आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत आणायचं आणि पुन्हा मूळ सुरावटीवर यायचं, ही त्यांची महत्त्वाकांक्षा. मराठी रसिकाला या लांबीचं भय वाटायचं कारण नाही. एक राग पाऊण तास ऐकणाऱ्याला पाऊण तासाची रचना परकी का वाटावी? अडचण एकच असते. रागात आपण एका घरात राहतो आणि त्याच्या खोल्या हळूहळू उघडत जातात. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये घरंच बदलत जातात, म्हणून कोणत्या घरातून कोणत्या घरात आलो हे लक्षात ठेवावं लागतं.

ओल्डफील्ड लहानपणापासून गिटार वाजवत होता. बहीण सॅली हिच्याबरोबर त्याने लोकगीतांच्या वळणाचा एक अल्बम केला, मग केव्हिन एअर्सच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायला लागला. १९७१ मध्ये त्याच्या डोक्यात एक लांब रचना घोळत होती. ती वाजवून दाखवायला बँड हवा होता आणि त्याच्याकडे बँड नव्हता. त्याने एअर्सकडून बँग अँड ओलुफसन कंपनीचा एक टेपरेकॉर्डर उसना आणला. त्या यंत्रावर त्याने जी युक्ती केली ती नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण एकट्याने केलेल्या प्रत्येक अल्बममागचं तत्त्व तिच्यात दिसतं.

टेपरेकॉर्डरमध्ये फीत ओळीने काही छोट्या चुंबकांवरून जाते. पहिला चुंबक फितीवरचं जुनं सगळं पुसतो, दुसरा नवा आवाज नोंदवतो आणि तिसरा नोंदवलेला आवाज वाचून ऐकवतो. म्हणून जुन्या कॅसेटवर नवीन गाणं भरलं की जुनं नाहीसं होत असे. ओल्डफील्डने पुसणाऱ्या चुंबकावर पुठ्ठ्याचा तुकडा अडकवला. आता फीत पुसली जात नव्हती. आधी वाजवलेल्या ऑर्गनवर बास चढला, बासवर गिटार चढली. चूक झाली तर मात्र सुटका नव्हती, कारण थर एकमेकांत मिसळून गेलेले असत आणि त्यातला एक काढून टाकता येत नसे. शिवाय प्रत्येक नव्या थराबरोबर आधीच्या थरांतले तार स्वर थोडे मंदावत. तरीही या यंत्रावर त्याने आपल्या रचनेचे कच्चे आराखडे तयार केले आणि ते घेऊन लंडनच्या रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरे झिजवले. गाणं नाही, गायक नाही, ढोल नाहीत. हे विकायचं कोणाला, असा सगळ्यांचा सवाल होता.

ऑक्सफर्डशायरमधल्या शिप्टन-ऑन-चेरवेल या खेड्यात एका जुन्या प्रशस्त हवेलीत ‘द मॅनर’ नावाचा स्टुडिओ तयार होत होता. टपालाने तबकड्या विकणाऱ्या रिचर्ड ब्रॅन्सन या तरुणाची ती हवेली. दुसऱ्याच कोणाच्या बँडबरोबर बास वाजवायला ओल्डफील्ड तिथे गेला आणि त्याने आपली फीत तिथले ध्वनिमुद्रक टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ यांना ऐकवली. त्यांनी ती उचलून धरली. वर्षभराने, १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये, त्याला स्टुडिओचा एक आठवडा मिळाला. त्या आठवड्यात पहिली बाजू पुरी झाली. दुसरी बाजू पुढच्या वर्षी, स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा, जमेल तशी करत वसंतापर्यंत संपली. ब्रॅन्सनने या अल्बमसाठी स्वतःची रेकॉर्ड कंपनीच सुरू केली. व्हर्जिन हे तिचं नाव; त्या नावाची दुकानं आधीच होती, पुढे विमानंही उडाली. त्या कंपनीची पहिली तबकडी ही.

मॅनरमध्ये सोळा ट्रॅकची फीत होती. दोन इंच रुंदीच्या फितीवर सोळा स्वतंत्र पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर एक आवाज. घरच्या यंत्रासारखे आवाज एकमेकांत मिसळून जाण्याचा धोका इथे नव्हता. पण पंचवीस मिनिटांच्या रचनेला सोळा पट्ट्या म्हणजे फारच कमी. मग दोन-तीन पट्ट्या एकत्र करून एका पट्टीवर उतरवायच्या, मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा वाजवायचं, असा क्रम चाले. एकदा एकत्र केलेलं परत वेगळं करता येत नव्हतं. बास किती मोठा हवा, गिटार किती मागे हवी, हे त्याच दिवशी ठरवून टाकावं लागे. आणि हे ठरवायचं ते पुढे त्यावर काय चढणार आहे ते मनात धरून, म्हणजे अजून वाजवलेलंच नाही ते ऐकून. एकट्याने सगळं वाजवण्यातली खरी कसोटी मला इथे दिसते. बोटांची तयारी वेगळी, ती बऱ्याच जणांकडे असते. न वाजलेला वाद्यवृंद महिनोन्‌महिने डोक्यात शाबूत ठेवणं, आणि तो जसा ऐकू येतो तसाच फितीवर उतरेपर्यंत न डगमगणं, हे फार थोड्यांना जमतं.

पियानो, ग्लॉकनश्पील, दोन-तीन प्रकारचे ऑर्गन, बास, इलेक्ट्रिक आणि साध्या गिटारी, एक छोटी बासरी, टिंपनी हे मोठे नगारे, अशी वाद्यांची यादी लांबत जाते. जी वाद्यं नव्हती ती त्याने फितीतून काढली. यंत्राचा वेग निम्मा करून गिटार वाजवायची आणि मग फीत पूर्ण वेगाने ऐकवायची. स्वर एक सप्तक वर जातो आणि गती दुप्पट होते. मंद्रात सावकाश वाजवलेलं मध्य सप्तकात द्रुत ऐकू येतं आणि तारेचा आवाज असा बारीक, चमकदार होतो की ही गिटार आहे यावर विश्वास बसू नये. दुसऱ्या बाजूला गिटारींतून काढलेला बॅगपाइपसारखा नाद आहे. तिथेही वेगाचा आणि विकृत केलेल्या आवाजाचा असाच खेळ आहे. ज्यांच्यामुळे अल्बमला नाव मिळालं त्या नळीच्या घंटा मात्र खऱ्या आहेत. स्टुडिओत दुसऱ्या एका ध्वनिमुद्रणानंतर त्या परत चालल्या होत्या. ओल्डफील्डने त्या थांबवून ठेवायला सांगितलं.

पहिल्या बाजूच्या शेवटी एकेक वाद्य येतं आणि तीच सुरावट वाजवतं. व्हिव्हियन स्टॅन्शल हा विनोदी गायक-अभिनेता भारदस्त आवाजात प्रत्येकाचं नाव पुकारतो. एखाद्या राजदरबारात मानकऱ्यांची नावं ललकारली जावीत, तसं. अखेरीस घंटांचं नाव येतं. लहान मुलांना वाद्यांची ओळख करून देण्यासाठी यासारखं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही. मराठी घरांत हे जरूर वाजवून पाहावं.

आपल्याकडे एका माणसाच्या अशा मुलखावेगळ्या उद्योगाला शब्द तयार आहे. १९५३ साली आलेल्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाची कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका हे सारं पु. ल. देशपांडे यांचं होतं आणि ‘सबकुछ पु. ल.’ ही ओळख त्या चित्रपटाला कायमची चिकटली. तरी त्या चित्रपटातलं एक गाणं भीमसेन जोशी गायले होते, हे विसरायचं नाही. ‘ट्युब्युलर बेल्स’चंही तसंच आहे. दुसऱ्या बाजूवरचे ढोल स्टीव्ह ब्रॉटनचे आहेत, बासऱ्या जॉन फील्डच्या, उभ्या बासचे स्वर लिंडसे कूपर या वादकाचे, आणि सॅली ओल्डफील्ड व मंडी एलिस यांचे आवाज आहेत. सबकुछचा अर्थ सगळे आवाज एकाचे असा घ्यायचा नाही. सगळे निर्णय एकाचे, असा घ्यायचा.

एकट्याने अनेक वाद्यं वाजवून त्यांचं एकत्र ध्वनिमुद्रण करणं हे ओल्डफील्डच्या तीस वर्षं आधीच सुरू झालं होतं. न्यू ऑर्लिन्सच्या सिडनी बेशे याने १९४१ मध्ये क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम असा सगळा जाझ ताफा एकट्याने तबकडीवर उभा केला. तेव्हा फीत नव्हती; एक तबकडी वाजवत दुसरी कोरायची, असा प्रकार होता. गिटारवादक लेस पॉल याने १९४८ मध्ये आठ गिटारी एकावर एक चढवल्या आणि नंतर हीच करामत फितीवर नेली. हिंदी चित्रपटसंगीतात याचं सुंदर उदाहरण ‘इजाजत’ या १९८७ च्या चित्रपटात आहे. त्यातल्या ‘कतरा कतरा’ या गाण्यात राहुलदेव बर्मन यांनी आशा भोसले यांचा आवाज त्यांच्याच आवाजावर ठेवला आहे. एक आशाबाई ओळ संपवायच्या आत दुसऱ्या आशाबाई सुरू होतात.

ओल्डफील्डवर ज्याचा थेट ठसा होता तो मात्र अमेरिकन संगीतकार टेरी रायली. १९६९ च्या ‘अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर’ या अल्बममध्ये त्याने ऑर्गन, इलेक्ट्रिक हार्पसिकॉर्ड आणि तालवाद्यं स्वतः वाजवून फितीवर थर चढवले. छोटे स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतात, एकमेकांवरून सरकतात आणि खाली एक अखंड नाद चालू राहतो. ‘ट्युब्युलर बेल्स’ची सुरुवात त्याच कुळातली आहे. स्वतःच्या अल्बमनंतरच्याच वर्षी, १९७० मध्ये, रायली पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्या तालमीत तयार झालेले. किराण्याची दुसरी मोठी शाखा अब्दुल करीम खाँ यांची. त्यांचं घर मिरजेत होतं आणि कबरही मिरजेच्या दर्ग्यातच आहे. तिथून ही गायकी सवाई गंधर्वांमार्फत धारवाड-हुबळीच्या मुलखात रुजली, गंगूबाई आणि भीमसेन तिथलेच. एका स्वरावर दीर्घकाळ थांबून त्याच्या पोटात काय काय आहे ते शोधणं ही किराण्याची वृत्ती. रायलीने ती आधी यंत्राने चाचपली आणि मग गुरूच्या पायाशी बसून पुढची अनेक वर्षं शिकली. मिरजेपासून ऑक्सफर्डशायरपर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह मी आवरतो, कारण रायलीचा अल्बम आधीचा आणि शिष्यत्व नंतरचं. पण ज्या कानांना एक अल्बम सुचला, त्याच कानांना प्राणनाथांचा तानपुरा ओळखीचा वाटला, यात नवल नाही.

तानपुऱ्यावरून बेंगळुरूकडे वळतो. मिरजेचे कारागीर भोपळा आणि लाकूड यांतून जो नाद घडवतात, तो इलेक्ट्रॉनिक यंत्रातून काढण्याचं काम बेंगळुरूत झालं. बासरीवादक आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये काम केलेले अभियंते जी. राज नारायण यांनी राडेल ही कंपनी उभी केली. तिचे इलेक्ट्रॉनिक तानपुरे आणि तालयंत्रं १९७० च्या दशकाच्या शेवटापासून देशभर पसरली. पुण्या-मुंबईच्या कितीतरी गायन क्लासांत कोपऱ्यात ती पेटी गुणगुणत असते. तिच्या विरोधात खूप लिहिलं-बोललं गेलं आहे, आणि माणसाने छेडलेल्या तानपुऱ्याची सर तिला नाही हे मलाही मान्य आहे. पण रियाजाला तानपुरा धरायला दुसरं कोणी नसलेल्या मुलीला या पेटीने संध्याकाळचे दोन तास दिले. एकट्या माणसाला साथ देणारं यंत्र, हाच ओल्डफील्डच्या उसन्या टेपरेकॉर्डरचा धर्म होता.

बेंगळुरू हे रॉकचं शहर म्हणून ओळखलं जातं. रॉजर वॉटर्स २००२ मध्ये तिथे वाजवून गेला, आयर्न मेडन १७ मार्च २००७ रोजी, मेटालिका ३० ऑक्टोबर २०११ रोजी. मेडन आणि मेटालिका यांचे कार्यक्रम झाले ते पॅलेस ग्राउंड्सवर, म्हणजे म्हैसूरच्या वाडियार राजघराण्याच्या राजवाड्याच्या आवारात. या घराण्यातले शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये विपन्नावस्थेत राहणाऱ्या निकोलाय मेटनर या रशियन संगीतकाराच्या रचनांचं ध्वनिमुद्रण स्वतःच्या खर्चाने करवलं होतं. म्हाताऱ्या मेटनरने आपले पियानो कॉन्चेर्टो त्यात स्वतः वाजवले. महाराजांचा हा आधार नसता तर ते वादन जगाला ऐकायलाच मिळालं नसतं. ज्या आवारात पुढे हजारो तरुण गिटारींच्या गदारोळात नाचले, त्या घराण्याने आधी एका विस्मृत माणसाचा पियानो जपून ठेवला होता. मला हे शहराच्या इतिहासातलं एक अभिमानास्पद पान वाटतं, आणि ते बेंगळुरूबाहेर फारच थोड्यांना ठाऊक आहे.

पण प्रोग्रेसिव्ह संगीताच्या इतिहासात बेंगळुरूचं सर्वात भरीव काम एका तालवाद्य-विद्यालयाने केलं. कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन १९६४ मध्ये सुरू झालं. मृदंगवादक टी. ए. एस. मणी हे त्याचे चालक आणि त्यांच्या पत्नी आर. ए. रमामणी या गायिका. मृदंग, घटम, खंजिरी, मोरसिंग आणि कोनक्कोल तिथे शिकवलं जाई. बॉस्टनचा सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो भारतात येऊन नागस्वरम शिकला होता, तो या मंडळींशी जोडला गेला. म्युनिकचा एम्ब्रियो हा बँड १९७८-७९ मध्ये बसने रस्त्यामार्गे भारतापर्यंत आला. त्याचा म्होरक्या ख्रिस्तियान बुर्खार्ट ड्रम, व्हायब्राफोन, मारिंबा अशी अनेक वाद्यं वाजवणारा. एम्ब्रियो, मारियानो आणि बेंगळुरूचं हे कॉलेज यांनी मिळून ‘लाइफ’ हा अल्बम केला. पुढे १९८३ मध्ये म्युनिकच्या ईसीएम कंपनीने मारियानो आणि कॉलेजच्या वादकांचा ‘ज्योती’ प्रसिद्ध केला.

‘ज्योती’ ऐकताना ‘ट्युब्युलर बेल्स’ शेजारी ठेवावा. ‘ज्योती’त ना पियानो, ना गिटार, ना बास. रमामणींचा आवाज आणि तंबोरा, मणींचा मृदंग, आर. ए. राजगोपाल यांचं घटम आणि मोरसिंग, टी. एन. शशिकुमार यांची खंजिरी, आणि त्यांच्यामध्ये मारियानोची बासरी व सॅक्सोफोन. एवढ्या थोड्या आवाजांत जागा भरपूर मोकळी राहते, आणि ती मोकळी राहते म्हणूनच एकाने टाकलेला बोल दुसऱ्याने उचलताना ऐकू येतो. खंजिरीवाला एक तिहाई सुरू करतो, घटमवाल्याला ती कुठे उतरणार हे कळलेलं असतं, आणि तो तिथे आधीच जाऊन थांबलेला असतो. ओल्डफील्डच्या अल्बममध्ये हे असूच शकत नाही. त्याची बास गिटार त्याच्या ऑर्गनला कधी चकवू शकत नाही, कारण ऑर्गन काय करणार आहे हे बासला आधीच ठाऊक आहे. एकट्याने केलेल्या प्रत्येक अल्बमची ही मर्यादा आहे आणि कितीही कौशल्याने ती ओलांडता येत नाही. त्या बदल्यात मिळतं ते काय? एकाच मनाची, कोणाशीही तडजोड न करता शेवटपर्यंत नेलेली कल्पना. दोन्ही हवं असेल तर दोन्ही अल्बम ऐकावेत. एकात दुसऱ्याची अपेक्षा करू नये.

ओल्डफील्डला स्वतःलाही हे लवकर कळलं. २५ जून १९७३ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये अल्बम प्रत्यक्ष वाजवायचा ठरला, तेव्हा एका माणसाचं काम वाटून घ्यायला रंगमंच वादकांनी भरावा लागला. रोलिंग स्टोन्सचा मिक टेलर, स्टीव्ह हिलेज, फ्रेड फ्रिथ असे नावाजलेले लोक त्यात होते. ओल्डफील्ड वाजवायला तयार नव्हता. ब्रॅन्सनने त्याला आपली बेंटली गाडी देऊ केली, तेव्हा तो उभा राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘द एक्सॉर्सिस्ट’ या अमेरिकन भयपटात सुरुवातीची पंधरा मात्रांची सुरावट वापरली गेली आणि अल्बम जगभर पोहोचला. तिच्यातली गाळलेली मात्रा सिनेमाने अचूक हेरली. ज्या कानाला टेकायला जागा मिळत नाही, त्याला भीती घालणं सोपं असतं. पण ज्यांना ती सुरावट भुताटकीचीच वाटते त्यांनी पुढची चाळीस मिनिटं ऐकलेली नसतात, आणि त्यांत खेड्यातल्या नाचाच्या चाली आहेत, खट्याळपणा आहे, एका गुहामानवाचं ओरडणंसुद्धा आहे.

एकट्याने अल्बम करण्याचं हे काम आता कुठे चालतं? बेंगळुरूत पुण्या-कोल्हापुराकडचेही हजारो तरुण संगणकाच्या नोकरीत आहेत. कोरमंगला किंवा एचएसआर लेआउटमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ज्याच्याकडे एक गिटार, एक लॅपटॉप आणि आवाज संगणकात घेणारी वहीएवढी पेटी आहे, त्याच्याकडे मॅनरपेक्षा मोठा स्टुडिओ आहे. पट्ट्या सोळा नाहीत, हव्या तेवढ्या आहेत. ढोल वाजवता येत नसतील तर ते लिहिता येतात. दिल्लीच्या केशव धर याने याच पद्धतीने घरी सुरू केलेल्या ध्वनिमुद्रणांतून स्कायहार्बर हा प्रोग्रेसिव्ह मेटल बँड जन्माला आला आणि २०१२ मध्ये त्याचा पहिला अल्बम निघाला. मुंबईचा वॉरन मेंडोन्सा २००७ पासून ब्लॅकस्ट्रॅटब्लूज या नावाने शब्दांविना गिटारचे अल्बम करत आला आहे. बेंगळुरूची स्वतःची ओढ मात्र ताफ्याकडे आहे. थर्मल अँड अ क्वार्टर हा बँड १९९६ पासून वाजवत आहे. अगम कर्नाटक कृती रॉकच्या साजात मांडतो, आणि त्याचे बरेच वादक नोकऱ्या सांभाळून वाजवत आले आहेत. या शहरात व्हायोलिन, मृदंग आणि कोनक्कोल शेजारच्या गल्लीत मिळतं. सगळं एकट्याने करण्याची गरज तिथे कमी भासते, असा माझा अंदाज आहे.

ज्याला तरीही एकट्याने करायचंच आहे त्याला माझं सांगणं असं. संगणकाने पट्ट्यांची मर्यादा काढली आणि त्याबरोबर निर्णय घेण्याची सक्तीही काढली. प्रत्येक थर कधीही बदलता येतो, म्हणून एकही पक्का होत नाही. स्वतःला सोळा पट्ट्या आखून द्या. एकत्र केलेल्या पट्ट्या पुन्हा उघडू नका. यंत्राने नेमक्या मात्रेवर बसवलेले ढोल पहिल्या दिवशी छान वाटतात आणि आठवड्याने जड होतात, म्हणून निदान एक तालवाद्य तरी हाताने वाजवा, मग ते खंजिरी असो की स्टीलचं भांडं. आणि वाजवण्याच्या आधी पूर्ण रचना तोंडाने म्हणून पाहा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हातात काहीही न धरता. मृदंग शिकणारी मुलं हे पहिल्याच वर्षी करतात. ते जमलं की मगच पहिली पट्टी नोंदवायची. पियानोची असो वा कशाचीही.